दोन च, पाच अनुस्वार आणि एक मिसळ: आपल्या बोलीतली ध्वनिव्यवस्था कशी शोधायची

मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, हा समज बाजूला ठेवल्याशिवाय ध्वनींचा अभ्यास सुरू होत नाही. देवनागरी चांगली लिपी आहे, वर्णमालेची मांडणी तर ध्वनिशास्त्राचा नमुनाच आहे: घशापासून ओठांपर्यंत पाच वर्ग, प्रत्येकात पाच व्यंजनं, अल्पप्राण-महाप्राण-अनुनासिक असा ठरलेला क्रम. पण लिपीत काही फरक दिसत नाहीत, आणि काही दिसतात ते तोंडात नसतातच. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे आहेत, तरी अक्षर एकच. ‘श’ आणि ‘ष’ दोन अक्षरं आहेत, पण ‘विशेष’ म्हणताना बहुतेकांच्या तोंडून दोन्ही ठिकाणी एकच ध्वनी निघतो.

हा लेख भाषाविज्ञान नव्याने शिकणाऱ्यांसाठी, मराठीच्या शिक्षकांसाठी आणि आपल्या गावच्या बोलीचं कुतूहल असलेल्या कुणासाठीही आहे. उदाहरणं मुद्दाम नाशिकची घेतली आहेत. शहराची मराठी, निफाड-सिन्नरकडची देशावरची मराठी, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली अहिराणी आणि पेठ-सुरगाण्याकडची कोकणा या आदिवासी समाजाची बोली, एवढं सगळं एका जिल्ह्यात ऐकायला मिळतं.

काय शोधायचं आहे

तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज म्हणजे स्वन. भाषा ज्या आवाजांना अर्थ बदलण्याचं काम देते ते स्वनिम. एकाच स्वनिमाची जागेनुसार बदलणारी रूपं ती स्वनांतरं. आपल्याला आवाजांची नुसती यादी करायची नाही. कोणता फरक भाषा मोजते, कोणता मोजत नाही आणि कोणता आवाज कुठे आला की बदलतो, हे पाहायचं आहे.

बरेच मार्गदर्शक आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता पाठ करण्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते ते उलटं आहे. तक्ता लागतो, पण काही आठवड्यांनी. सुरुवातीला एक वही, कान आणि शब्दांची रूपं चालवायची सवय एवढं पुरतं. दोन च वेगळे दाखवायला जुनीच सोय वापरू: तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून काढलेला च तसाच लिहायचा, दातांजवळच्या च खाली नुक्ता, म्हणजे एक टिंब द्यायचं. चहा, पण च़ाक. जेवण, पण ज़ागा. झेंडा, पण झ़ाड.

पायरी पहिली: जोड्या जमवा

एकाच आवाजाचा फरक असलेल्या आणि अर्थ वेगळा असलेल्या शब्दांच्या जोड्या शोधा. ल आणि ळ साठी मराठीत अशा जोड्या रग्गड आहेत: काल-काळ, वेल-वेळ, मूल-मूळ, गाल-गाळ, माला-माळा. न आणि ण साठी सन-सण, मन-मण. महाप्राणासाठी पाट-पाठ. ‘काना’ आणि ‘कान्हा’ ही जोडी जरा वेगळी आहे. इथे ‘न्ह’ हा न आणि ह यांचा जोड मानायचा की ख-घ सारखा एकच महाप्राण ध्वनी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हैस, न्हावी, कोल्हा, व्हा, तऱ्हा हे शब्द त्याच रांगेतले. तूर्त वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

आता च आणि ज. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘ज़ग’ म्हणजे जिवंत राहा. ‘चार’ हा आकडा आणि ‘च़ार’ म्हणजे गुरांना खाऊ घाल. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘ज़रा’ म्हणजे थोडं. लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. म्हणजे हे दोन वेगळे स्वनिम आहेत, लिपीने त्यांना एकच अक्षर दिलं आहे एवढंच.

जोडी खरी आहे का, हे स्वतः ठरवू नका. आपल्याला अर्थ माहीत असतो, म्हणून फरक ‘ऐकू’ येतो. जोडीतला एकेक शब्द पाच-सहा वेळा ध्वनिमुद्रित करा, क्रम उलटसुलट करा आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवा. त्यांनी नुसता अर्थ सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर आलं तर जोडी पक्की. अंदाजे अर्ध्याच वेळा बरोबर आलं तर ती फक्त कागदावरची जोडी. हाच प्रयोग ‘दिन-दीन’ आणि ‘सुत-सूत’ यांवर करून पाहा. शुद्धलेखनात यांच्यावर गुण कापले जातात, पण डोळे मिटून ऐकणाऱ्याला ते कितपत ओळखता येतात हे कळलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या वादाकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल.

काही फरकांना जोडीच मिळत नाही. ‘फळ’ मधला फ कुणी दोन्ही ओठ मिटून काढतं, कुणी खालचा ओठ दातांना लावून. अर्थ तोच राहतो. वहीत तशी नोंद करा आणि पुढे चला, त्यात अडकून पडण्यासारखं काही नाही.

पायरी दुसरी: आवाज कुठे येतो ते तपासा

यासाठी वही घेऊन गावाबाहेरही जायला नको, शहर बसच्या पाट्या पुरतील. गंगापूर, पंचवटी, दिंडोरी, आनंदवल्ली, अंबड. पाचही नावांत डोक्यावर एकच टिंब आहे. आता प्रत्येक नाव हळू म्हणा आणि टिंबावर थांबा. ‘गं’ वर थांबलात तर जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकलेला असेल. ‘पं’ वर जिभेचं मधलं अंग पुढे सरकतं. ‘दिं’ वर टोक मागे वळतं, ‘नं’ वर ते दातांना लागतं आणि ‘अं’ वर ओठ मिटतात. ङ, ञ, ण, न, म. एका टिंबाचे पाच उच्चार, आणि प्रत्येक वेळी कोणता हे पुढचं व्यंजन ठरवतं.

म्हणजे हे पाच वेगळे स्वनिम नाहीत का? म, न आणि ण आहेत, कारण त्यांच्या जोड्या मिळतात आणि स्वरांच्या मध्येही ते येतात. ङ आणि ञ मात्र जवळजवळ नेहमी आपापल्या वर्गाच्या सावलीतच दिसतात. एकटा ङ घेऊन सुरू होणारा किंवा दोन स्वरांच्या मध्ये ङ असलेला रोजच्या वापरातला मराठी शब्द शोधून पाहा. ण आणि ळ यांच्यावरही एक बंधन आहे: ते शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. जैनांचा ‘णमोकार’ हा प्राकृतातून आलेला अपवाद.

इथेच एक शंका निघायला हवी. न पुढच्या व्यंजनासारखा होतो म्हणावं, तर ‘मनमाड’ मधला न पुढच्या म कडे बघून म का होत नाही? ‘जमतं’ मधल्या म चा त समोर न का होत नाही? उच्चारात तर दोन्ही ठिकाणी व्यंजनं एकमेकांना चिकटलेली आहेत. कारण असं की त्या दोन व्यंजनांच्या मध्ये एक अ आहे. तो ऐकू येत नाही, पण व्यवस्थेच्या लेखी असतो, आणि टिंबाचा नियम त्याला ओलांडून जात नाही. न दिसणाऱ्या गोष्टी अशा आडून हाती लागतात.

पायरी तिसरी: गाळलेला अ पकडा

नाशिकला बसून हे शिकायचं तर मिसळीशिवाय दुसरं उदाहरण घेणं बरं नाही. ‘मिसळ’ म्हणताना स मधला अ स्पष्ट येतो. ‘मिसळीत रस्सा घाला’ म्हणताना मात्र आपण ‘मिस्ळीत’ म्हणतो. अ गेला. आणि ‘या मिसळला तोड नाही’ म्हणताना? ‘मिसळ्ला’. स मधला अ परत आला, आता ळ मधला गेला.

नियम असा बांधता येतो: ज्या अ च्या आधी स्वर आणि एक व्यंजन आहे, आणि नंतर एक व्यंजन आणि स्वर आहे, तो अ गळतो. ‘मिसळीत’ ला हा सरळ लागू पडतो. ‘मिसळला’ मध्ये असे दोन अ आहेत, स मधला आणि ळ मधला. डावीकडून नियम लावला तर स मधला आधी जाईल आणि ‘मिस्ळला’ होईल, जे कुणीच म्हणत नाही. उजवीकडून लावला तर ळ मधला आधी जातो, मग स च्या पुढे दोन व्यंजनं जुळलेली असल्याने त्याचा अ वाचतो. म्हणजे नियमाला दिशा आहे. हे लक्षात येतं तेव्हा ध्वनिव्यवस्था हा शब्द पहिल्यांदा खरा वाटायला लागतो.

आता नियम जिल्ह्यावर चालवा. इगतपुरी: त मधला अ गेला, ग मधला राहिला. कळवणला: ण मधला गेला, व मधला राहिला, ळ मधला गेला. म्हसरूळ, पळसे, गवतात, सगळे सरळ बसतात. मग ‘मखमलाबाद’ घ्या. नियमाप्रमाणे ‘मखम्लाबाद’ व्हायला हवं. लोक म्हणतात ‘मख्मलाबाद’. नियम चुकला का? नाही. मखमल आणि आबाद यांच्या मधली शीव बोलणाऱ्याच्या मनात शाबूत आहे. नियम आधी ‘मखमल’ वर चालतो, आबाद नंतर जोडलं जातं. अपवाद सापडला की तो वहीच्या कोपऱ्यात ढकलू नका. शब्द कशाकशाचा बनला आहे, हे बहुतेक वेळा त्यातूनच कळतं.

पायरी चौथी: रूपं चालवा

माझा सगळ्यात जास्त भरवसा या पायरीवर आहे. जोड्या शोधण्यात नशीब लागतं, शब्दाची रूपं मात्र आपल्या हातात असतात. अनेकवचन करा, सामान्यरूप करा, प्रत्यय लावा आणि कोणता आवाज हलतो ते बघा.

उंच़, पण उंची. काच़, पण काचेच़ा. त्या ‘काचेच़ा’ मध्ये दोन्ही च एकाच शब्दात आले, ते पुन्हा म्हणून पाहा. षष्ठीचा प्रत्यय तर आख्खा धडाच आहे: त्याच़ा, त्याची, त्याचे. इ-ई आणि ए समोर आले की दातांजवळचा च तालव्य होतो. पण बोलण्यातलं ‘त्याच़ं’ घ्या, तिथे च पुन्हा दातांजवळ. पुस्तकी ‘त्याचे’ आणि बोलीतलं ‘त्याच़ं’ हे एकच रूप असून च वेगळे आहेत, कारण हा नियम कानावर पडणाऱ्या पुढच्या स्वराकडे बघतो, व्याकरणाकडे नाही.

आता पुढचा पेच. ‘माझ़ा मुलगा’ आणि ‘माझ्या मुलाला’. दुसऱ्यात य लिहिलेला आहे, पण सहज बोलताना तो निराळा ऐकू येतो का? बहुतेकांच्या बोलण्यात तो झ मध्ये मुरलेला असतो आणि उरतो फक्त तालव्य झ, पुढे आ. त्याच़ा-त्याच्या यांचंही तसंच. म्हणजे आ समोर दोन्ही प्रकारचे ध्वनी आले, आणि विभक्तीचा फरक त्या एका ध्वनीवर उभा राहिला.

याच्या शेजारी हे शब्द मांडा: घोडा-घोड्याला, पैसा-पैशाला, मासा-माशाला, घसा-घशात, ससा-सशाचा. घोड्याला सामान्यरूपात ‘या’ मिळतो. पैशालाही तोच मिळायला हवा, पण ‘पैस्याला’ न होता ‘पैशाला’ होतं. स आणि य मिळून श. च़ आणि य मिळून च. शाळेत हे दोन वेगवेगळ्या ठिकाणी शिकवतात, किंवा शिकवतच नाहीत. खरं तर नियम एकच आहे: दातांजवळ घासून निघणारा ध्वनी य च्या संगतीत टाळूकडे सरकतो.

तरी दोघे पूर्ण सारखे वागत नाहीत. ए समोर च़ बदलतो, स बदलत नाही: मासे, ससे, पैसे. हा स पूर्वी बदलत असे, त्याची खूण ‘सिंदूर’ पासून झालेल्या ‘शेंदूर’ मध्ये आहे. नियम असे जुने होतात, काही शब्दांत ठसा ठेवतात आणि चालायचे थांबतात. (नासिक की नाशिक हा वाद कुणी काढलाच तर त्यांना आधी शेंदूर दाखवा आणि चहा मागवा.)

शब्दांचे थरही याच पायरीवर दिसतात. चंद्र, चरण, जल, राजा हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, त्यांत अ-आ समोरही तालव्य. च़ांदणं, ज़ाळं हे मराठीत मुरलेले. चार्जर, जॅकेट, जॉब हे इंग्रजीतून आलेले, पुन्हा तालव्य. म्हणून वहीत प्रत्येक शब्दासमोर तो कुठून आला याचा एक रकाना ठेवा, नाहीतर नियम दिसायच्या आत शंभर अपवाद दिसतील.

पायरी पाचवी: लोकांकडून ऐका, पण शब्द तोंडात न घालता

‘तुम्ही चांदवड कसं म्हणता?’ असं विचारलंत की उत्तर निकामी झालं. माणूस सावध होतो, आणि शब्द तर तुम्हीच उच्चारून दिला. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबाव यांनी 1962 साली न्यूयॉर्कच्या दुकानांत यावर साधा तोडगा काढला. ‘फोर्थ फ्लोअर’ मधला र लोक उच्चारतात का, हे त्यांना ऐकायचं होतं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे, एवढंच ते विक्रेत्यांना विचारत. उत्तर आलं की न ऐकल्यासारखं करून पुन्हा विचारत. पहिलं उत्तर सहज, दुसरं जपून म्हटलेलं, आणि दोन्हींची तुलना हातात.

हेच आपल्याकडे करता येतं. स्टँडवर विचारा, ‘दादा, पिंपळगाव गेल्यावर मालेगावच्या आधी मोठं गाव कोणतं लागतं?’ उत्तर येईल, आणि त्यातला पहिला ध्वनी तुमचा. मग ‘काय म्हणालात?’ गोदाकाठच्या बाजारात ताजी भाजी दाखवून ‘मावशी, हे काय?’ विचारा, मग ‘दोन घेतले तर?’ म्हणजे अनेकवचन मिळेल. अशी उत्तरं फक्त लिहून घ्या, नाव-गाव न विचारता. आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी सांगा, कशासाठी हवा ते सांगा, आणि नाही म्हटलं तर तिथेच सोडा.

सविस्तर मुलाखतीत अडचण वेगळी येते. फोन पुढे ठेवला की लोक ‘शुद्ध’ बोलायला लागतात, शिकलेली तरुण मुलं तर जास्तच. ‘तुमची बोली बोलून दाखवा’ म्हणू नका. द्राक्षबागेची छाटणी कशी झाली, अवकाळी पावसात काय झालं, कांदाचाळीत साठवलेला कांदा का सडला, हे विचारा. माणूस रंगला की व्याकरणाचा पहारा सुटतो. पहिली दहा मिनिटं मी हिशोबातच धरत नाही.

पायरी सहावी: ध्वनिमुद्रण आणि प्रात

कान पक्का झाल्यावर यंत्र घ्या, आधी नको. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं प्रात हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, 44,100 हर्ट्झवर करा. मेसेजमधून आलेली व्हॉइस नोट चालवून घेऊ नका, फाइल लहान करताना वरच्या पट्टीतला आवाज कापला जाऊ शकतो आणि च-च़ चा फरक नेमका तिथेच असतो. पंखा बंद करा. रविवार कारंज्यासारख्या गजबजलेल्या चौकाकडे खिडकी असलेली खोली नको. गाद्या-गोधड्या असलेली आतली खोली उत्तम.

शब्द सुटा म्हणवून घेऊ नका, प्रत्येक शब्द एकाच वाक्यात बसवा: ‘आता ____ लिही.’ त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या आधी तोच स्वर येतो आणि तुलना सरळ होते. ‘आता चार लिही’, ‘आता च़ार लिही’.

फाइल उघडली की वर आवाजाची लाट आणि खाली राखाडी पट्टा दिसतो. तो पट्टा सहसा 5,000 हर्ट्झपर्यंतच दाखवायला बसवलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो 10,000 करा, नाहीतर च़ चा अर्धा भाग चौकटीबाहेर राहील. मग च च्या घासण्याचा काळा भाग खालून, साधारण अडीच हजारांच्या आसपास सुरू झालेला दिसेल, आणि च़ चा बराच वर चढलेला. नेमके आकडे माणसागणिक बदलतात, म्हणून एकाच माणसाच्या दोन च ची तुलना करा, आजीच्या च ची नातवाच्या च शी नको.

पायरी सातवी: शेजारची बोली

एका बोलीची वही भरली की दुसरी घ्या. अहिराणीत ळ च्या जागी य येतो: डोळा-डोया, शाळा-शाया, फळ-फय. इथे ‘लोक ळ चुकीचा म्हणतात’ असं लिहिणारा अभ्यासक आपल्या कामाचा नाही. विचारायचं ते असं: मराठीत ल-ळ चा जो फरक आहे तो अहिराणीत ल-य असा टिकला आहे का? मग मुळातला य आणि ळ पासून आलेला य आता एकच झाले आहेत का? ‘काय करस’ मधला य आणि ‘सकाय’ मधला य यांच्यावर पहिल्या पायरीतला ऐकण्याचा प्रयोग लावा. शिक्षणासाठी नाशिकला राहणारी कसमादेतली मुलं घरी फोनवर बोलताना काय करतात आणि वर्गात काय, हा तर स्वतंत्र प्रकल्प होईल.

तुलनेसाठी डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलींच्या सर्वेक्षणातली सामग्री इंटरनेटवर खुली आहे. ती आधी ऐकली तर काय मिळवायचं राहिलं आहे ते कळतं.

फाइलींना नावं देताना आळस करू नका. ‘सटाणा 1’ असं नाव सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. गाव (तालुका नव्हे), बोलणाऱ्याचा वयोगट, लहानपण कुठे गेलं, घरात कोणती बोली, तारीख, आणि प्रश्न काय विचारला होता, एवढं प्रत्येक मुद्रणासोबत लिहा. माणसाचं नाव त्यात नको, त्याऐवजी क्रमांक द्या, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत ठेवा.